रावबहादूर धुरंधर आणि आपल्या घरांची चित्रे

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत पूर्वजांचे स्मरण करण्याचा परिपाठ जुना आहे आणि तो स्तुत्यही आहे. मुंबई उच्च न्यायालयात न्यायासनावर बसलेले जनार्दन वासुदेवजी, विधिमंडळात आणि वकिलीत नाव गाजविणारे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, सरकारी कचेऱ्यांतून आणि संस्थानांतून अधिकारपदे भूषविणारे आपले कितीतरी ज्ञातिबांधव ह्यांची नामावळी अशा अंकांतून आपण पुनःपुन्हा वाचतो. त्या नामावळीत एका चित्रकाराच्या वाट्याला मात्र बहुधा एकच ओळ येते: “रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर, प्रसिद्ध चित्रकार.” ही ओळ खोटी नाही; पण ती फारच अपुरी आहे, असे आम्हांस दीर्घकाळ वाटत आले आहे. कारण इतरांनी ज्ञातीचे नाव मोठे केले, तर ह्या एका पुरुषाने ज्ञातीचे रूप टिकविले. आपल्या आज्या-पणज्या कशा दिसत, कशा उभ्या राहत, लग्नमंडपात कोण कोठे बसे, पगडी कपाळावर किती खाली येई, हे आज जर कोणास डोळ्यांनी पाहावयाचे असेल, तर धुरंधरांच्या चित्रांकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही.

आपले चित्र प्रथम काढले ते इतरांनी. विल्यम जॉन्सन ह्या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यापाठोपाठ १८६८ ते १८७५ ह्या काळात सरकारने हिंदुस्थानातील लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड काढले. ह्या ग्रंथांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्यांत माणूस हा माणूस म्हणून येत नाही, नमुना म्हणून येतो. वनस्पतिशास्त्रज्ञ पान दाबून ठेवतो तसा तो कागदावर दाबून ठेवलेला असतो आणि खाली जातीचे नाव लिहिलेले असते. त्याच्या घरात कोणी आजारी आहे की काय, त्याच्या मुलीचे लग्न ठरले की काय, हे त्या चित्राला विचारता येत नाही.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी झाला, आणि तो मुंबईस नव्हे, कोल्हापुरास. ह्या गोष्टीकडे आपले लोक सहसा लक्ष देत नाहीत. आम्हांस ती महत्त्वाची वाटते. ठाकुरद्वार, फणसवाडी, नवी वाडी ह्या परिसरात जन्मलेल्या मुलाला आपल्या चालीरीतींत पाहण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. तो त्यांत बुडालेला असतो. कोल्हापुरात वाढलेल्या मुलाचे तसे नव्हते. करवीरची अंबाबाई, रंकाळ्याचे पाणी, पंचगंगेचा घाट हे त्याचे पहिले जग होते, आणि त्या जगात आबालाल रहिमान ह्यांच्यासारखा निसर्गाचा वेडा चित्रकार होऊन गेला. आबालाल मुंबईच्या कलाशाळेत शिकून कोल्हापुरास परतले आणि पुढे शाहू छत्रपतींच्या आश्रयाने राहून रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगाकाठ हेच आयुष्यभर रंगवीत राहिले. त्यांचे काम पाहून चित्रकलेची ओढ लागलेला हा प्रभू मुलगा १८९० साली मुंबईस आला आणि सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाला. आपल्याच ज्ञातीच्या वस्तीत तो आला, पण आला तो अर्धा पाहुणा म्हणून. आमचे असे मत आहे की, त्याच्या चित्रांत जी टिपून घेण्याची उत्सुकता दिसते तिचे मूळ ह्या अर्ध्या पाहुणेपणात आहे.

कलाशाळा १८५७ साली सुरू झालेली. धुरंधर आले तेव्हा तिचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स हे होते. ज्यांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला वर्षानुवर्षे करवून घेतल्या, तेच हे ग्रिफिथ्स. शिक्षण विलायती पद्धतीचे होते: प्रमाणबद्ध रेखाटन, छायाप्रकाश, प्रत्यक्ष माणूस समोर बसवून अभ्यास. ह्या शिक्षणाने आमच्या मुलांना साहेबी नक्कल करावयास लावले, असा आक्षेप पुढे पुष्कळांनी घेतला. तो सर्वस्वी निराधार नाही. पण हात विलायती पद्धतीने तयार झाला तरी समोर बसलेले माणूस विलायती नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

बाँबे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली. तिचे वार्षिक प्रदर्शन म्हणजे त्या काळच्या मुंबईतील प्रतिष्ठेचा प्रसंग. चालक बहुतांशी युरोपियन, परीक्षक युरोपियन, भिंतीवर सैनिकी अंमलदारांनी आणि त्यांच्या मडमांनी काढलेली डोंगर-दऱ्यांची जलरंगचित्रे. अशा ठिकाणी १८९५ साली धुरंधरांच्या एका चित्रास सुवर्णपदक मिळाले. चित्राचे नाव इंग्रजीत नोंदलेले आहे: ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ आपण मराठीत त्याला ‘आलीस का, लक्ष्मी?’ असे म्हणू.

हे नाव वाचताना आमच्या अंगावर काटा येतो, आणि तो का येतो हे परक्या वाचकास समजावून सांगणे कठीण आहे. ज्ञातिबांधवांस सांगण्याची गरज नाही. भाद्रपदात ज्येष्ठागौरी घरात घेताना उंबऱ्याशी थांबून जे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची जी उत्तरे दिली जातात, त्यांच्याच जातीचा हा प्रश्न आहे. हळदीकुंकवाची पावले, ओट्यापासून देवघरापर्यंत, कोठीपासून चुलीपर्यंत लक्ष्मीला फिरवून दाखविलेले घर, हे सारे त्या तीन शब्दांच्या पाठीमागे उभे आहे. प्रदर्शनाच्या दालनात काठी टेकीत हिंडणाऱ्या साहेबाला ह्यातले काय कळले असेल? त्याला रेखाटन पसंत पडले, छायाप्रकाश पसंत पडला, त्याने पदक दिले. पण चित्रकाराने तेथे जे टांगले होते ते माजघर होते.

ही गोष्ट आज सोपी वाटते. त्या काळी ती सोपी नव्हती. घरंदाज स्त्रीचे चित्र परपुरुषांनी भरलेल्या दालनात टांगणे म्हणजे काय, ह्याची कल्पना आजच्या पिढीला येणार नाही. देवीदेवतांची चित्रे काढावीत, राजेमहाराजांची काढावीत, फार तर शकुंतला-दमयंती काढाव्यात. त्यांना कोणी हरकत घेत नसे, आणि राजा रविवर्म्याने तो मार्ग घालूनही दिला होता. पण आपल्याच आळीतल्या सुनेचा नऊवारी लुगड्याचा काष्टा, तिच्या अंबाड्यावरची वेणी, तिची नथ? दुसऱ्याच वर्षी, १८९६ साली, गणपतराव म्हात्रे ह्यांची ‘मंदिरपथगामिनी’ ही मूर्ती लोकांपुढे आली आणि तीतही देवळाला निघालेली साधी महाराष्ट्रीय तरुणी होती. म्हणजे एकाच शाळेतल्या दोन तरुणांना, लागोपाठच्या दोन वर्षांत, रंभा-मेनका सोडून शेजारणीकडे पाहावेसे वाटले. ह्याला योगायोग म्हणावयास आमचे मन घेत नाही.

अर्थात आपल्या घराकडे वळलेले धुरंधर हे एकटेच नव्हते, आणि ज्ञातिप्रेमाच्या भरात तसा दावा करणे शोभणार नाही. त्यांच्या आधी पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) ह्यांनी पारशी घरातील शांत, अर्धअंधारी दालने रंगविली. पोपटाला चारा घालणारी त्यांची पारशी स्त्री ज्यांनी पाहिली आहे ते ती विसरणार नाहीत. सांगे ह्या गोमंतकातील गावी १८७० साली जन्मलेले अँटोनिओ झेवियर त्रिंदाद ह्यांनी आपल्या पत्नीला, फ्लोरेन्टीनाला, समोर बसवून जी तैलचित्रे केली, त्यांतील एकास १९२० साली बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. कोल्हापुरात आबालाल तर होतेच. पारशी, गोव्याचा ख्रिस्ती, कोल्हापूरचा मुसलमान आणि आपला पाठारे प्रभू अशी ही चार माणसे एकाच शाळेच्या दारातून बाहेर पडली. आणि प्रत्येकाने ब्रश उचलला तो आपल्या उंबऱ्यावरून किंवा आपल्या तळ्याकाठावरून. मुंबई इलाख्यातील चित्रकलेचा इतिहास लिहिणारे पंडित तिचे वर्णन ‘पाश्चात्त्य वळणाची’ एवढ्याच शब्दांत आटोपतात, तेव्हा हा उंबरा त्यांच्या नजरेतून निसटतो.

धुरंधर १८९६ साली कलाशाळेत शिक्षक झाले आणि क्रमाने वर चढत जाऊन तेथील श्रेष्ठ पदांपर्यंत पोहोचले. १९२७ साली त्यांना रावबहादूर हा किताब मिळाला आणि १९३१ साली ते निवृत्त झाले. विद्यार्थी म्हणून पाऊल ठेवल्यापासून निवृत्तीपर्यंतची वर्षे मोजली तर एकेचाळीस भरतात. म्हणून त्यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्ताचे नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे. ज्या घरांत हे पुस्तक असेल त्यांनी ते जपावे. ज्ञातीतील माणसाने इतक्या निगर्वी भाषेत आपला व्यवसाय सांगितल्याची उदाहरणे थोडी.

ह्या एकेचाळीस वर्षांत आणि त्यानंतरही त्यांनी किती काम केले ह्याची गणती हजारांनी करावी लागते. पौराणिक चित्रे, शिवकालीन प्रसंग, व्यक्तिचित्रे, जलरंगांतील देखावे, जाहिराती, मासिकांची मुखपृष्ठे, नव्या दिल्लीतील सचिवालयात लॉ मेंबरच्या दालनासाठी केलेले भित्तिचित्रण, असे सर्व काही त्यात आहे. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि चित्रांचे भोक्ते; त्यांच्या पदरी आलेली धुरंधरांची चित्रे औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात आहेत. पण ह्या पसाऱ्यातील ऐतिहासिक व पौराणिक चित्रांबद्दल आम्हांस येथे लिहावयाचे नाही. खरे सांगावयाचे तर त्यांतील काही आम्हांस नाटकी वाटतात. पडदा वर गेला आहे आणि पात्रे आपापल्या जागी उभी आहेत, असा भास होतो. तेच धुरंधर विवाहविधी काढू लागले म्हणजे हा नाटकीपणा गळून पडतो. मंडपात कोणी अंतरपाटाकडे पाहते आहे, कोणी पाहत नाही. कोणाचे लक्ष मुलाकडे, कोणाचे दागिन्याकडे. लग्नाला आलेली माणसे अशीच असतात.

२०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे काळा घोड्याजवळच्या जुन्या सर कावसजी जहांगीर सभागृहात, धुरंधरांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. आम्ही आमच्या एका वृद्ध आत्याबाईंना घेऊन तेथे गेलो होतो. त्यांचे वय तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे. त्या वास्तूतील गोलाकार जिने चढणे त्यांना जड जात होते. पहिल्या मजल्यावर त्या एका चित्रापुढे बसून राहिल्या. आमच्याबरोबरच्या मुलांनी चित्राखालची इंग्रजी पाटी वाचून दाखविली, तिकडे त्यांचे लक्ष नव्हते. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “शेला असाच घ्यायचा. माझी आजी असाच घेई. तुझ्या आईच्या लग्नात तो उलटा घेतला होता, मी तेव्हाच सांगितले, कोणी ऐकले नाही.” आम्ही हसलो. पण घरी परत येताना ध्यानात आले की, ज्या गोष्टीबद्दल त्या साठ वर्षे एकट्याच बोलत होत्या, तिला त्या दिवशी साक्षीदार मिळाला.

हा साक्षीदार दर वेळी निःपक्षपाती असतो असे मात्र नाही. धुरंधरांना सौंदर्याची आवड होती आणि ती आवड अनेकदा सत्यावर मात करी. आमच्या पाहण्यात आलेल्या त्यांच्या गृहजीवनाच्या चित्रांत सण पुष्कळ आहेत, ओढगस्त थोडी आहे. सुनेच्या हातात आरती आहे, जाते क्वचित. जुन्या वाड्यांतील अरुंद खोल्या, भाऊबंदकी, सावकाराचा तगादा ह्या गोष्टी आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात जितक्या येत, तितक्या चित्रांत येत नाहीत. ज्ञातीने स्वतःला आरशात पाहताना आरसा थोडा गोड आहे हे विसरू नये.

दुसरा मुद्दा पुस्तकांतील चित्रांचा. पोलीस कमिशनर एस. एम. एडवर्ड्स ह्यांच्या मुंबईविषयक लेखांच्या १९१२ सालच्या पुस्तकासाठी धुरंधरांनी चित्रे काढली. त्यात मोहरम, सिद्दी, गल्लीबोळांतील रात्र ही मुंबई आहे. सी. ए. किंकेड ह्यांनी आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या, त्या १९१४ च्या पुस्तकातही चित्रे धुरंधरांचीच. कहाणी ऐकत वाढलेल्या माणसाने ती काढली आहेत हे पाहताक्षणी कळते, आणि त्या पुस्तकातील मजकुरापेक्षा चित्रेच आपल्याला अधिक ओळखीची वाटतात. ऑटो रॉथफेल्ड ह्यांच्या हिंदुस्थानातील स्त्रियांवरील १९२० च्या ग्रंथाचे मात्र तसे नाही. त्यात अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे आहेत, रंग मोहक आहेत, वेषभूषा काळजीपूर्वक उतरविलेली आहे. परंतु तेथे पुन्हा नमुना आला, पुन्हा खाली जातीचे नाव आले. ज्या हाताने लक्ष्मीला घरात घेतले त्याच हाताने ही यादीही भरली. आम्ही ह्याला दोष देत नाही. चित्रकाराला संसार होता, आणि काम सांगणारे साहेब होते. पण दोन्ही प्रकारची चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर चित्रकार कोठे पाहुणा आहे आणि कोठे घरचा आहे हे लहान मूलही सांगेल.

धुरंधरांच्या हयातीतच त्यांच्या कलेवर दोन बाजूंनी टीका होऊ लागली. कलकत्त्याकडील मंडळींनी मुंबईच्या चित्रकारांना परकीयांचे अनुयायी ठरविले. मुंबईतील तरुणांना पुढे हे सारेच गोष्टीचे पुस्तक रंगविण्यासारखे वाटू लागले. १ जून १९४४ रोजी धुरंधर निवर्तले आणि १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. मधली तीन वर्षे म्हणजे एका युगाची सीमा म्हणावयास हरकत नाही. त्यानंतर कित्येक दशके धुरंधर हे नाव कलासमीक्षेत आदराने घेतले गेले ते केवळ शिक्षक म्हणून.

त्या दशकांत त्यांची चित्रे कोणी सांभाळली? ज्ञातीने नव्हे, हे येथे स्पष्ट लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ती सांभाळली त्यांच्या कन्येने. अंबिकाबाई धुरंधर (१९१२–२००९) ह्या स्वतः कलाशाळेत शिकलेल्या चित्रकार; कलाशाळेची पदविका घेणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांपैकी एक. खार येथील ‘अंबासदन’ ह्या बंगल्यात वडिलांची चित्रे, रेखाटने, कागदपत्रे त्यांनी आपल्या दीर्घ आयुष्यभर राखली, आणि ‘माझी स्मरणचित्रे’ ह्या पुस्तकात त्या जगाच्या आठवणी लिहिल्या. त्रिंदादांची कन्या अँजेला ह्याही चित्रकारच. दोन बापांचे ब्रश दोन मुलींनी उचलले, ह्याचा उल्लेख ज्ञातीच्या सभांत व्हावयास हवा होता, तो आमच्या ऐकण्यात कधी आला नाही. त्रिंदादांची चित्रे आज पणजीत एका प्रतिष्ठानाच्या वास्तूत एकत्र पाहावयास मिळतात. आपल्या चित्रकाराचे काम पाहावयाचे तर औंधास जावे लागते, नाहीतर कोणी प्रदर्शन भरवील त्याची वाट पाहावी लागते. २०१८ चे ते प्रदर्शन एका खाजगी कलादालनाच्या संग्रहाच्या आधारे उभे राहिले होते. त्या लोकांनी ते केले म्हणून आत्याबाईंना शेला दिसला, हे कृतज्ञतेने लिहिले पाहिजे.

आता राहिली एक लहानशी गोष्ट. विसाव्या शतकाच्या प्रारंभी धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यांवरील माणसांची चित्रे टपालाच्या कार्डांसाठी काढली. ही कार्डे स्वस्त होती आणि भरपूर खपली. पदके साहेबांच्या दालनात मिळाली. ह्या कार्डांनी मात्र चित्रकाराला घरोघर नेले. आमच्या आजोळी एका पितळी डब्यात असे एक कार्ड होते. चित्रात कोळीण आहे, ठसक्यात उभी. कोपऱ्यात सहीची अक्षरे. त्या काळच्या कार्डांच्या पाठीवर केवळ पत्ता लिहिण्याची मुभा असे, म्हणून मजकूर चित्राच्या बाजूलाच लिहावा लागे. आमच्या पणजीच्या बहिणीने तो मोडीत लिहिला आहे, कोळणीच्या टोपलीच्या आजूबाजूने, जागा मिळेल तसा. तिचे सासर इंदुरास. परभी संभाराचा डबा पोहोचला, पण वाटेत झाकण उघडून निम्मा सांडला, पुढच्या वेळी कापडात शिवून पाठवावा, आणि आईचा खोकला कसा आहे, एवढाच तो मजकूर आहे.

मामींनी डबा विकावयास काढला तेव्हा आतले कागद रद्दीत जाणार होते; त्यांतून हे एक कार्ड आम्ही उचलून आणले. इतर वीस-पंचवीस होती असे मामी सांगतात. ज्ञातिबांधवांच्या माळ्यांवर, ट्रंकांच्या तळाशी, देवघराच्या खणांत अशी कार्डे अजून असतील. ज्यांना सापडतील त्यांनी ती कार्यालयात दाखवावयास आणावीत. छायाचित्र घेऊन मूळ प्रत त्याच दिवशी परत देण्याची व्यवस्था केली आहे. मोडी वाचणारे दोन गृहस्थ रविवारी सकाळी तेथे असतात.